कोड कधी उमटला?

१ एप्रिल २०१० रोजी देशातल्या १३ शहरांत भारत स्टेज ४ चे निकष लागू झाले. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा बड्या नावांच्या त्या यादीत सोलापूरही होतं. मिरवावं असं त्यात काही नव्हतं. हवा बिघडलेल्या शहरांत आपली गणना होत होती, म्हणून आपला नंबर आधी लागला. पण त्यामुळे झालं असं, की उरलेल्या देशाच्या बऱ्याच भागात २०१७ पर्यंत बीएस ३ ची विक्री चालू राहिली आणि सोलापुरातल्या नव्या मोटारींत मात्र सात वर्षं आधीच ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची व्यवस्था, नियमानं आली. पहिल्या टप्प्यात तिचं मुख्य काम साधं होतं. धुराशी संबंध असलेल्या सेन्सरचं किंवा व्हॉल्व्हचं सर्किट तुटलं का, एवढं पाहायचं आणि तुटलं तर त्या दोषाचा कोड नोंदवून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लावायचा. एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला आणि मिसफायर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्यावरही नजर ठेवली जाऊ लागली. २०२० च्या बीएस ६ नंतर तर दुचाकीसुद्धा कोड देऊ लागली.

म्हणजे सोलापूरच्या गॅरेजांना कोड नवा नाही. तरीही उंदरानं खाल्लेली, घासून सोललेली किंवा पुरात बुडालेली वायरिंग जोडून झाली, की त्यानंतर जे कोड दिसतात त्यांच्यापुढे अनुभवी माणूसही अडखळतो. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे.

विषय छोटा वाटेल. पण बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तकं आणि मोबाइलवर सापडणारे तक्ते एक गोष्ट गृहीत धरतात. गाडी नीट चालत होती, मग एखादा पार्ट खराब झाला आणि त्याचा कोड आला, अशी त्यांची कथा असते. हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, दुरुस्तीत ही कथा लागू होत नाही. तिथे पार्ट बहुधा ठणठणीत असतो. आणि गाडीत नुकताच माणसाचा हात जाऊन आलेला असतो.

कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. सोलापूरकराला हे मागावर दाखवता येतं. ज्या मागांवर ताण्यासाठी ड्रॉपर बसवलेले असतात, तिथे धागा तुटला की त्यावर लटकलेली पातळ पत्री खाली पडते, पट्टीला टेकते आणि माग थांबतो. धागा कुजका होता, गाठ सुटली की कुणी कात्री लावली, हे ती पत्री सांगत नाही. ते विणकराला वाकून पाहावं लागतं. ‘पी ०१९२’ असा कोड आला की स्कॅनरवर लिहून येतं: फ्युएल रेल प्रेशर सेन्सर, सर्किट लो. आपण ‘सेन्सर’पर्यंत वाचतो आणि उरलेले दोन शब्द सोडून देतो. महागड्या सेन्सरच्या अनेक बिलांचं मूळ या दोन शब्दांत आहे.

पण माझा मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. वायरिंग जोडल्यानंतर ‘या कोडचा अर्थ काय’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न: हा कोड कधी उमटला?

ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, स्मरणात अशा वेळी तीन वेगवेगळ्या काळांतले कोड एकत्र पडलेले असतात. काही उंदराच्या काळातले. वायर कुरतडली गेली, गाडी झटके देत दोन दिवस चालली, तेव्हाचे. काही आपल्या काळातले. चावी चालू ठेवून कपलर काढला, बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारून पाहिला, एअर फिल्टरची पेटी तिच्यावरच्या सेन्सरसकट बाजूला काढून ठेवली आणि इंजिन सुरू केलं, तेव्हाचे. आणि काही खरोखर आत्ताचे, म्हणजे जोड राहून गेला किंवा चुकला म्हणून आलेले. स्कॅनरच्या पडद्यावर तिघेही एकाच रांगेत, एकाच अक्षरात दिसतात. अकरा कोडांची यादी पाहून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो आणि मिस्त्रीला घाम फुटतो. त्यातले नऊ कदाचित इतिहासजमा असतात.

हा काळाचा घोळ आपल्याकडे वाढण्याचं कारण कामाच्या वाटणीत आहे. गॅरेजात इंजिन उघडणारा एक, वायरिंगचा वायरमन दुसरा, आणि स्कॅनरवाला तिसराच. तो फोन केला की येतो, मशीन लावतो, कोडची यादी वाचून दाखवतो, सांगितलं तर उडवून देतो आणि पैसे घेऊन पुढच्या गॅरेजला जातो. कोड वाचणाऱ्यानं वायर पाहिलेली नसते. वायर जोडणाऱ्यानं दुरुस्तीआधीचे कोड पाहिलेले नसतात. मग आधीचं काय नि नंतरचं काय हे कुणालाच सांगता येत नाही. वायरमननं स्वतःचा साधा स्कॅनर ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लूटूथवर चालणारं ईएलएम ३२७ जातीचं स्वस्त यंत्रही इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचतं. एबीएस आणि एअरबॅगचे कोड बहुतेक वेळा त्याला दिसत नाहीत, तेवढ्यासाठी मोठ्या स्कॅनरवाल्याला बोलवावं.

गाडी आली, बोनेट उघडलं, कुरतडलेली वायर दिसली, तरी हात लावण्याआधी कोड वाचायचे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. फ्रीझ फ्रेमचाही काढायचा. कोड पक्का झाला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, गाडीचा वेग किती, हे त्यात नोंदलेलं असतं. कोड उडवला की ही नोंदही जाते आणि तपासणीची पूर्ण झालेली चक्रंसुद्धा पुन्हा शून्यावर येतात. दुरुस्ती झाल्यावर सगळं उडवायचं, चावी चालू करायची, पण सेल्फ मारायचा नाही. वायर तुटलेली किंवा शॉर्ट असेल तर पुष्कळसे सर्किटचे कोड एवढ्यावरच परत येतात. मग इंजिन सुरू करायचं आणि पुन्हा वाचायचं. मग गाडी पुणे नाक्याकडे किंवा होटगी रोडला एक फेरी मारून आणायची, आणि पुन्हा वाचायचं. कोणता कोड कोणत्या पायरीवर परतला, यातच अर्ध निदान असतं. चावी चालू करताच परतणारा कोड आणि इंजिन तापल्यावर खड्ड्यात गाडी आपटली की येणारा कोड यांचा आकडा एकच असला, तरी शोध वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो.

दुसरी सवय म्हणजे कोड सुटे न वाचता घोळक्यानं वाचण्याची. यासाठी एक उदाहरण जरा तपशिलात देतो, कारण पुढची निम्मी प्रकरणं याच विचारावर उभी आहेत.

जिल्ह्यात उसाची तोड सुरू झाली, की शेतातले उंदीर आसऱ्याला शेडकडे सरकतात, असं आमच्याकडे सगळेच सांगतात; आणि कुरतडलेल्या वायरिंगच्या गाड्या त्या दिवसांत वाढतात हे खरं आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कडक कुरतडावं लागतं. रात्री बोनेटखाली ऊबही मिळते. अशीच एक डिझेल पिकअप. इंजिनावरच्या हार्नेसमधल्या तीन वायरी खाल्लेल्या. त्या जोडल्या, टेप गुंडाळली, कोड उडवले. चावी चालू करताच तीन कोड परत हजर: पी ०१९२, रेल प्रेशर सेन्सर लो. पी ०२३७, टर्बोचा बूस्ट सेन्सर लो. आणि पी ०६४२, सेन्सरचं रेफरन्स व्होल्टेज लो. सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही.

पहिले दोन कोड पाहून दोन सेन्सर मागवणारा माणूस तिसऱ्याकडे पाहत नाही, आणि खरी गोष्ट तिसराच सांगत असतो. ईसीएम काही सेन्सरांना मिळून एकच पाच व्होल्टची लाइन पुरवतो. ती कुठेही अर्थला टेकली, की तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदम ‘लो’ होतात. कपलरवर मीटर लावला तर पाचाऐवजी शून्य पॉइंट दोन. आता त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढायचे आणि मीटरकडे पाहत राहायचं. एखादा काढताच पाच व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरचा. इथे सगळे काढले तरी व्होल्ट आले नाहीत, म्हणजे दोष बहुधा वायरीत. जोडलेल्या तिन्ही जागा चांगल्या होत्या. तिथून वीतभर खाली, जिथे हार्नेस लोखंडी ब्रॅकेटला क्लिपनं धरलेलं असतं, तिथे टेप सोडल्यावर एका वायरीच्या आवरणावर दाताचा एकच खड्डा दिसला. तांबं तुटलेलं नव्हतं, फक्त उघडं पडलं होतं आणि ब्रॅकेटला टेकत होतं. उंदीर जिथे नजरेला पडेल तिथेच खातो असं नाही. म्हणून तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हातभर टेप उघडून पाहिल्याशिवाय हार्नेस बंद करू नये.

सेन्सर ‘लो’ आहे की ‘हाय’, यावरूनही दिशा कळते. इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर घ्या. तापेल तसा त्याचा रोध कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं. वायर तुटली तर व्होल्टेज वर जाऊन बसतं, ईसीएम पी ०११८ म्हणजे ‘हाय’ नोंदवतो, आणि स्कॅनरवर तापमान दिसतं उणे ४०. मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, सोलापुरात इंजिन उणे ४० वर! हा आकडा दिसला की सेन्सर विकत घ्यायला जाण्याआधी कपलर पाहावा. उलट वायर अर्थला शॉर्ट असेल, तर कोड पी ०११७ आणि तापमान अशक्य इतकं चढलेलं. पक्कं करायचं तर कपलर काढून त्याच्या दोन टोकांत वायरचा तुकडा घालायचा. उणे ४० चा आकडा उडी मारून वरच्या टोकाला गेला, तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत, सेन्सर गेला. आकडा हललाच नाही, तर सेन्सरला दोष देऊ नका. ही युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरतीच. पाच व्होल्टची लाइन असलेल्या तीन वायरींच्या कपलरमध्ये असे तुकडे घालत बसू नये.

आता मल्टीमीटरवरच्या अंधश्रद्धेबद्दल. जोड दिला, मीटर बझरवर लावला, ‘टीं’ वाजलं, जोड पास. हे प्रमाणपत्र फार कमी किमतीचं आहे. ओहम मोजताना मीटर वायरीतून जेमतेम मिलीअँपियरचा करंट सोडतो. वायरीच्या आतल्या तारांपैकी एकच धरून राहिली असली, तरी एवढ्या करंटला ती पुरते आणि मीटर शून्याच्या आसपास दाखवतो. पण डिझेलचा कॉमन रेल इंजेक्टर उघडताना वीसेक अँपियर खेचतो. तिथे ती एक तार काय करणार? म्हणून वायरीची परीक्षा लोडवर घ्यावी. दोन्ही टोकं कपलरमधून सुटी करायची, बॅटरीचा करंट त्या वायरीतून एका बल्बला द्यायचा, जाड वायरीला २१ वॉटचा, सेन्सरच्या बारीक वायरीला ५ वॉटचा, आणि बल्ब पेटलेला असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट दिसतात ते मोजायचं. व्होल्टच्या शतांशांतले आकडे आले तर जोड चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर तो जोड तोडून पुन्हा करायचा, मग बाहेरून कितीही देखणा दिसो. टोकं ईसीएममध्ये तशीच ठेवून हा प्रयोग कधीही करू नये. अर्थच्या वायरींचंही असंच मोजायचं, पण जागेवर, सेल्फ मारताना. इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत दहा-बारा वर्षांच्या गाडीत काय काय निघतं, ते मोजणाऱ्यालाच कळतं.

जोडाबद्दल आमच्यात दोन पंथ आहेत, सोल्डरवाले आणि क्रिंपवाले. मी क्रिंपच्या बाजूचा आहे. सोल्डर तारांमधून पुढे झिरपतं, तेवढा भाग कडक होतो, आणि इंजिनाच्या थरथरीनं वायर नेमकी त्या कडक भागाच्या काठावर तुटते. योग्य मापाची स्लीव्ह, तिच्या मापाची पक्कड, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक, झालं. पाच वायरी तुटल्या असतील तर पाचही जोड एकाच जागी आणू नयेत, मागेपुढे घ्यावेत. नुसत्या काळ्या टेपवर तर भरवसा नकोच. आपल्या उन्हाळ्यात बोनेटखाली तिचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि धूळ चिकटून तिचा लगदा होतो.

कोड न देणाऱ्या चुकांवर या पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत आधी वाचावं. वायरींच्या बाबतीत ईसीएम मुख्यतः सर्किट पूर्ण आहे का एवढंच पाहतो. वायर योग्य ठिकाणी गेली का, हे त्याला दर वेळी कळत नाही. दोन इंजेक्टरच्या वायरींची अदलाबदल झाली, तर दोन्ही सर्किटं पूर्णच असतात. सर्किटचा कोड येत नाही. डिझेल गाडी थरथरते, फार तर मिसफायरचे पी ०३०० च्या घरातले कोड येतात आणि मिस्त्री इंजेक्टर टेस्टिंगला पाठवतो. पुढच्या चाकांच्या एबीएस सेन्सरची डावी-उजवी अदलाबदल याहून वाईट. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं सारख्याच वेगानं फिरतात, दिवा लागत नाही, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पावसात एक चाक घसरलं की मग एबीएस भलत्याच चाकाचा ब्रेक सोडतो. एक चाक उचलून हातानं फिरवायचं आणि स्कॅनरवर त्याच चाकाचा वेग हलतो ना ते पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. क्रँक सेन्सर कॉइलचा असेल आणि त्याच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या, तरी असाच चकवा बसतो. कॅम आणि क्रँकचा ताळमेळ नाही असं सांगणारा पी ००१६ आला म्हणून टायमिंगची चेन उघडण्यापूर्वी, कुणी वायरिंगला हात लावला होता का, हे विचारावं. बाकी कॅमशाफ्टची ओळख या शहराला करून द्यायला नको. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या रूपानं तो धंदा इथे नव्वदच्या दशकापासून आहे आणि इथले कॅमशाफ्ट परदेशी इंजिनांत बसतात.

‘यू’नं सुरू होणाऱ्या कोडांची भीती सर्वांत जास्त. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या ईसीएमशी संपर्क तुटला. तो वाचून ‘ईसीएम गेला’ असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. गाडीतल्या निरनिराळ्या कंट्रोलरना बोलायला कॅन नावाची दोन वायरींची जोडी असते. बॉशनं १९८६ मध्ये ती जगापुढे मांडली. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी सोडून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मोजलं तर ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एका टोकाशी संपर्क तुटलाय. शून्याजवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. गेटवे असलेल्या नव्या गाड्यांत हे माप सॉकेटवर मिळेलच असं नाही, तिथे कंट्रोलरच्या कपलरवर जावं लागतं. या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि तो पीळ शोभेचा नाही. बाहेरचा विद्युत गोंधळ दोघींवर सारखाच पडावा आणि वजा व्हावा यासाठी तो असतो. जोड देताना जेवढा उसवावा लागेल तेवढाच उसवायचा आणि परत घालायचा. आणि यू ०१०० चा सर्वांत साधा खुलासा विसरू नये: ईसीएमचा फ्यूज उडालाय किंवा त्याचा अर्थ सुटलाय.

पुरातल्या गाड्यांसाठी शेवटचं प्रकरण वाढवावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या कितीतरी दारांतल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, तेल बदलून सुरू होते. खरा त्रास नंतर कधीतरी सुरू होतो. पाणी कपलरच्या मागून वायरीत शिरतं आणि आवरणाच्या आत तारांमधल्या फटींतून वर चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते. कापली की आत तांबं हिरवं किंवा काळं. असा हिरवा तुकडा जोडून उपयोग नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं, आणि ते लागलंच नाही तर ती वायर कपलरपासून कपलरपर्यंत बदलायची. पुराच्या गाडीत आज एक कोड, उद्या दुसरा, पावसाळी हवेत तिसरा, अशी फिरती दिसते. त्यामुळे अशा गाडीचं काम अंगावर घेताना मालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं, की हे एका फेरीत संपणार नाही.

मालकाला सांगण्यावरून एक. ‘वस्ताद, तेवढा कोड उडवून द्या, आरटीओला जायचंय,’ असं म्हणणारे भेटतात. उडवून दिला तर दिवा दोन दिवस विझतो आणि तिसऱ्या दिवशी गाडी तुमच्याच दारात, या वेळी दुरुस्तीआधीची कसलीच नोंद शिल्लक नसताना. निदानाचे वेगळे पैसे लावायला आपले लोक संकोचतात. पार्ट बदलला की पैसे मागता येतात, दोन तास मीटर घेऊन बसलो तर मागता येत नाहीत; म्हणूनच चांगले सेन्सर काढून टाकले जातात. निदानाची मजुरी बिलावर वेगळ्या ओळीत लिहा. सुरुवातीला कटकट होईल, पण न बदललेल्या सेन्सरची किंमत शेजारी लिहून दाखवली की ती लवकर थांबते.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. ट्रॅक्टर जवळजवळ नाहीत. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे निकष लागू झाले आणि कॉमन रेल आलं, पण आपल्याकडच्या ऊस वाहतुकीतले बरेचसे ट्रॅक्टर अजून पंपावरचेच आहेत. त्यांना कोड नाही आणि तक्रारही कानानं ऐकू येते. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरबद्दल एकच पान आहे: बॅटरीची निगेटिव्ह काढा, कंपनीनं सांगितलेला वेळ थांबा, आणि त्या वायरीवर टेस्ट लॅम्प किंवा ओहम मीटर लावू नका. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतल्या नारिंगी केबल मुद्दाम वगळल्या आहेत. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि त्या कामाला हातमोज्यांपासून मीटरपर्यंत सगळी हत्यारं वेगळी लागतात. त्या गाड्यांचं १२ व्होल्टचं वायरिंग मात्र इतर गाड्यांसारखंच असतं, आणि उंदीर तेही खातो. तेवढ्यापुरतं हे पुस्तक तिथेही वापरता येईल.